पाच वर्षांचं कायम

दि. ९ जानेवारी

ती. दादास,
छबूचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोन न करता लिहितेय त्याला दोन कारणं आहेत. एक तुझा डावा कान. त्याला दोनदा ओरडून सांगितलेलं तिसऱ्यांदा भलतंच ऐकू येतं. दुसरं आमचं घर. दोन खोल्या, आणि मधे दार म्हणून पडदा. इथे फोनवर नुसता उसासा टाकला तरी ह्यांना कळतो, आणि हल्ली ह्यांना माझा उसासा कळू न देणं हेच माझं मुख्य काम झालंय. म्हणून लाँड्रीच्या काउंटरवर बसून पाठकोऱ्या पावत्यांवर लिहितेय. उत्तरही लाँड्रीच्याच पत्त्यावर टाक.

गोष्ट घराच्या कर्जाची आहे. एप्रिलपासून व्याजाचा दर बदलतो आणि हप्ता वाढतो, असं बँकेने कळवलंय. किती वाढतो ते आकड्यात सांगत नाही, नाहीतर तू त्रैराशिक मांडून बसशील. एवढंच समज, की माझा लाँड्रीतला सगळा पगार त्या वाढीतच जातो. मग किराणा, वीज, ह्यांच्या गोळ्या, ठकीचं जाणं-येणं, सगळं ह्यांच्या एकट्याच्या कमाईत बसवायचं. आणि ह्यांच्या धंद्याचं तुला ठाऊक आहे. लोक आता सोफा नव्याने शिवून घेत नाहीत, फेकून दुसरा आणतात.

मला कळत नाही ते हे, की आपला दर तर कायम होता. घर घेतलं तेव्हा बँकेतल्या बाईंनी आमच्यासमोर सांगितलं होतं की बाजारात काहीही होवो, तुमचा दर कायम. त्या दिवशी हे जिन्यातूनच ओरडत आले होते की छबू, आपण कायम झालो. तुला आठवत असेल, बाबा कारखान्यात कायम झाले त्या संध्याकाळी आईने सगळी बोचकी सोडली होती. तोवर आपलं निम्मं सामान बांधलेलंच असायचं, कधी काम जाईल आणि कधी खोली सोडावी लागेल याचा नेम नसायचा. त्या दिवशी पहिल्यांदा भांडी फळीवर चढली. मी माहेराहून फार काही आणलं नव्हतं, पण हा एक शब्द आणला होता, आणि ह्यांनी तो आपला म्हणून वापरला. आता बँक म्हणते कायम होतं, पण पाच वर्षंच कायम.

ते कळल्यापासून हे बोलत नाहीत. जेवताना ताटाकडे बघतात. रविवारी दिवसभर घरातल्याच खुर्च्यांचे खिळे उपसले आणि पुन्हा तिथेच ठोकले. परिस्थिति बरी नाही, दादा.

तू स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस. बँकेच्या कागदाची झेरॉक्स सोबत ठेवलीय. त्यात आपल्याला निसटायला कुठे फट आहे का ते बघ. आणि तुमचं दोघांचं मागे जे वाजलं ते जरा बाजूला ठेव. तुझी भाची ठकी मजेत आहे. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते आणि घरी आल्यावर आमच्या तोंडांकडे धंदेवाईक नजरेने बघते.

वहिनीला नमस्कार सांग. माया आहे तेवढी पुरे, सध्या सल्ला वाढव.

तुझी
छबू

*

दि. १५ जानेवारी

चि. छबूस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. ‘परिस्थिती’तली शेवटची ती दीर्घ असते. तू ऱ्हस्व लिहिलीस म्हणून ती लवकर संपायची नाही.

कागद वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. फट नाही. ‘कायम’ हा शब्द त्यात कुठेही नाही. तिथे ‘स्थिर’ आहे, आणि त्याला चिकटून मुदत दिलीय. बाईंनी बोलताना तुम्हाला समजावं म्हणून सोपा शब्द वापरला असणार. पाट्या रंगवण्यात माझा जन्म गेला, शब्द सोपा केला की काय होतं ते मला माहीत आहे. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि भांडायला नंतर येतं. स्थिर म्हणजे आत्ता हलत नाही, एवढंच. खुंटीवरचा सदराही स्थिर असतो. पण आपल्या घरात वाढलेल्या कोणालाही ‘कायम’ म्हटल्यावर बाबांची ती संध्याकाळच आठवणार, त्याला तुझा इलाज नव्हता.

दाजींना मी तेव्हाच म्हणालो होतो, की पाच वर्षांनंतर काय ते बाईंना विचारा. त्यावर दाजी चारचौघांत म्हणाले, की ज्याच्या पाटीचा रंग दोन पावसाळे टिकत नाही त्याने पाच वर्षांच्या गोष्टी करू नयेत. लोक हसले होते. मी विसरलेलो नाही. तू सांगितलंस म्हणून बाजूला ठेवलंय, आणि बाजूला ठेवलेलं मला इथून दिसतं.

आता काम. एप्रिलची वाट बघू नका, याच महिन्यात दोघं बँकेत जा. नव्या गिऱ्हाइकाला आज काय दर देता ते आधी विचारा, कारण जुन्याला तो आपण होऊन कोणी देत नाही, मागावा लागतो. नंतर मुदत वाढवून मिळते का बघा. मुदत वाढली की हप्ता उतरतो. एकूण व्याज जास्त जातं, पण बुडणाऱ्याने आधी नाक पाण्याबाहेर काढावं. दुसऱ्या बँकेतही चौकशी करा, मात्र कर्ज हलवायचा खर्च विचारल्याशिवाय हुरळू नका. आणि काही झालं तरी एकही हप्ता चुकवू नका. चुकल्यावर बोलायला गेलेल्या माणसाला बँकेत बसायला खुर्ची मिळते, पण त्याचं बोलणं कोणी ऐकत नाही.

तुम्ही एकटे नाही, एवढं सांगतो. इथल्या घरांच्या दलालाने माझ्याकडे पत्र्याच्या पाट्यांचा ढीग टाकलाय. सगळ्यांवर एकच मजकूर, ‘घर विकणे आहे’. हाताने लिहिणं उरकेना तेव्हा नाइलाजाने साचा कापला. तुझी वहिनी म्हणाली की धंद्याला अखेर बरकत आली म्हणायची. मी तिला म्हटलं, तू आपली चहा टाक.

दाजींना गोळ्या वेळेवर घ्यायला लाव. मी रागावलोय हे त्यांना सांगितलंस तरी चालेल, काळजी करतो हे सांगू नकोस.

तुझा
दादा

*

दि. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परिस्थिती, परिस्थिती, परिस्थिती. झालं समाधान?

तू सांगितलंस तसं सगळं केलं. हे लाँड्रीतून कडक इस्त्री केलेला शर्ट घालून आले. मालकीणबाईंनी इस्त्रीचे पैसे घेतले नाहीत, बहुधा माझा चेहरा बघून. नव्या गिऱ्हाइकाचा दर मागितला. बँकेतला साहेब जरा चमकला, मग काहीतरी शुल्क भरून घेऊन दर थोडा उतरवतो म्हणाला. उतरला, पण आपल्याला पुरेल इतका नाही. दुसऱ्या बँकेने ह्यांच्याकडे पगाराची पावती मागितली. हे म्हणाले, पगार नाही, लोकांच्या बैठका शिवतो. पुढचं बोलणं फार सभ्यपणे झालं आणि लवकर संपलं.

मुदतीचं आपल्या बँकेत विचारलं तर साहेबाने ह्यांचं वय विचारलं. कर्ज फिटताना माणूस अमुक वयाच्या आत असावा असा त्यांचा नियम आहे. आहे तीच मुदत त्या वयाला जाऊन टेकते, पुढे सरकायला जागा नाही. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वय हळू आवाजात सांगितलं. मला ते ऐकवलं नाही.

उठणार एवढ्यात साहेबाने विचारलं, घरात कोणी तरुण कमावतं आहे का. मी ठकीचं नाव घेतलं. कर्जात तिचं नाव घातलं तर मुदत तिच्या वयाप्रमाणे धरतात, म्हणजे पंचवीस वर्षं सहज मिळतात आणि हप्ता जवळजवळ पहिल्यासारखा होतो. अट एकच, तिची नोकरी कायम हवी. बघ हं, स्वतःचा दर ह्यांना कायम ठेवता येत नाही, पण पोरगी कायम पाहिजे. पण दादा, लॅबचे मालक तिला मार्चपासून कायम करणार आहेत, तसं त्यांनी दिवाणखान्याचा सोफा बघायला आले तेव्हा ह्यांना तोंडावर सांगितलंय. जमलं की नाही?

घरी येऊन ठकीला सांगितलं तर ती लगेच हो म्हणाली. इतकी लगेच, की मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. पण घर पुढे-मागे तिचंच आहे, मग आत्तापासून भरलं तर वावगं काय, असं हे म्हणाले, आणि किती दिवसांनी पोटभर जेवले.

तुला कंटाळा येईल, तरी लिहिते. मी आत्ता अठ्ठेचाळीसची होईन. लहानपणी आपण किती खोल्या बदलल्या ते तू मोजत होतास, मी मोजत नव्हते, मी प्रत्येक खोलीच्या खिडकीतून काय दिसायचं ते लक्षात ठेवायचे. आता ज्या खिडकीतून मला समोरच्या बेकरीचं मागचं दार दिसतं, ती मला सोडायची नाही. मला पुन्हा सामान बांधायचं नाही. एवढंच मागणं आहे माझं, दुसरं काही नाही.

मार्चमध्ये सह्या. तुझा आशीर्वाद टपालाने आला तरी चालेल, पण वेळेवर येऊ दे.

तुझी
छबू

*

दि. १४ फेब्रुवारी

प्रिय मामास,
भाचीचा वाकून नमस्कार. वाकले का नाही ते तुला तिथून कळणार नाही, पण वाकले.

आईने तुला सगळं लिहिलंच असेल. जे तिला माहीत नाही ते मी लिहिते. मामीला सांग, पण तिच्याशिवाय कोणाला नको.

लांबच्या शहरात डोळ्यांचं एक मोठं रुग्णालय आहे. तिथल्या कार्यशाळेत कृत्रिम डोळे बनवतात. ज्याचा एक डोळा गेला त्याला दुसरा बसवायला. त्यावरचं बुबुळ हाताने रंगवावं लागतं. मी त्यांना नमुने पाठवले होते. नमुने म्हणजे शर्टाची पांढरी बटणं, आईच्या लाँड्रीत तुटून पडलेली. त्यांच्यावर बुबुळं काढली. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे डोळे त्यात आहेत, तुझेही दोन्ही, आठवणीने काढलेले. तिथल्या मुख्य बाईंनी मला बोलावून घेतलं. एक बटण भिंगाखाली धरलं आणि म्हणाल्या की हे फार सुबक आहे, म्हणून चुकलंय. डोळा सुंदर काढायचा नसतो. शेजारचा डोळा थकलेला असेल तर हाही थकलेला काढायचा असतो. मग म्हणाल्या, मार्चमध्ये ये. मामा, मला कोणी माझं चुकलेलं इतकं नीट कधी सांगितलं नव्हतं, तू सोडून.

दोन वर्षं शिकायचं. ते जे देतात त्यात माझं राहणं-खाणं होईल, घरी पाठवायला काही उरणार नाही. आणि दोन वर्षांनी ठेवतीलच असं नाही. म्हणजे बँकेच्या भाषेत मी तिथे कोणीच नाही.

म्हणून त्यांना नाही म्हणून कळवणार आहे. बाबा पुन्हा बोलायला लागलेत. परवा त्यांनी माझ्या कवळीवर विनोद केला, तो वाईट होता, तरी आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ते मला मोडायचं नाही. एकदाच हिशेब करून बघितला की कर्ज फिटेल तेव्हा मी आईच्या आत्ताच्या वयाची असेन. रडत नाही लिहिताना, नुसती बेरीज केली. मी हे सगळं सोडलं हे कोणाला तरी ठाऊक असावं, आणि ब्रश धरायला तूच शिकवलंस, म्हणून तुला सांगितलं. सल्ला मागत नाहीये.

मामीच्या गुडघ्याला आणि तुझ्या कानाला बरं वाटो.

तुझी
ठकी

*

दि. १९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सल्ला मागत नाहीस, म्हणून हुकूम देतो. सही करू नकोस. जा.

कारण विचारशील, तर ते तुझ्या आईच्याच पत्रात आहे. तिला वाटतं तुझं नाव घातलं की प्रश्न मिटला. मिटत नाही. हा नवा दरही काही वर्षांपुरताच ठरलेला असणार, ती मुदत संपली की पुन्हा तोच कागद येईल, आणि तेव्हा कागदावर तुझं नाव असेल. तेव्हाही तुझे बाबा गप्प होतील आणि तू पुन्हा लगेच हो म्हणशील. प्रत्येक वेळी तुझ्यापाशी सोडायला काहीतरी असेल. हा हप्ता बँकेच्या पावतीवर कुठे दिसत नाही, पण तो जाणार.

घर गेलं तर माणसं भाड्याच्या घरात जातात. त्रास होतो, अपमान वाटतो, पाहुण्यांना पत्ता सांगताना आवाज बदलतो. मी लहानपणी ते सगळं भोगलंय, मला त्याची गोडी सांगू नकोस. पण त्यातून माणूस निघतो. हातात आलेलं काम बाविसाव्या वर्षी सोडलं तर त्यातून निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी चुकत असेन. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, म्हणून नीट वाचून घे.

आईला आणि बाबांना दोघांना एकत्र सांग, समोर बसून. एकाला आधी सांगून दुसऱ्याला निरोप पाठवू नकोस. रडलीस तरी चालेल, माफी मागू नकोस. आणि मामाने सांगितलं असं माझं नाव घे. तुझ्या आईला रागवायला कोणीतरी लागेल. तू दूर असशील, दाजी आधीच खचलेत. मी सोयीचा आहे, आणि टपाल आमच्याकडे रोज येतं.

बटणं लाँड्रीतली होती हे मात्र सांगू नकोस. एका दिवशी एकच धक्का द्यावा.

माझे डोळे आठवणीने काढलेस म्हणतेस. उजव्यात पांढऱ्यावर एक तपकिरी ठिपका आहे, तो असला पाहिजे.

तुझा
मामा

*

दि. ३ मार्च

रा. रा. पेंटरसाहेब यांस,
न. वि. वि.

वर साष्टांगही नाही आणि सप्रेमही नाही. दोन्ही मुद्दाम गाळलंय. चूक समजून दुरुस्त करू नये.

आपल्या भाचीने आम्हाला समोर बसवून सांगितलं. फार नीट सांगितलं, रडली, पण माफी मागितली नाही. तेव्हाच मी ओळखलं की हे शिकवलेलं आहे. तिने आपलं नाव घेतलं नसतं तरी ओळखलं असतं, तिच्या बोलण्यात आपलं व्याकरण होतं. हे उठले आणि कामाच्या पिशवीतली हत्यारं ओळीने मांडत बसले. मालक तिला कायम करतो म्हणाले होते, त्यांना ती सकाळीच नाही म्हणून आली होती.

आपण मला एका शब्दाने विचारलं असतंत तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. पण विचारायचं मला होतं. मी आई आहे तिची. आपल्याला मूलबाळ नाही, दुसऱ्याच्या मुलीला मोकळं सोडणं आपल्याला सोपं गेलं. हे वाक्य मी खोडणार होते. खोडत नाही.

आणि भाड्याच्या घरात माणसं जातात म्हणे. बाबा कायम झाले त्या दिवशी तू ओट्याखाली बसून रडला होतास. मी नाही, तू. म्हणजे आपण. त्या खोल्यांना सगळ्यांत जास्त आपणच भ्यायचात, आणि बहिणीला मात्र तिथे परत जा म्हणून सांगता.

ठकी काल गेली. मी तिला अडवू शकले असते. एक शब्द बोलले असते तर ती राहिली असती, हे तिलाही माहीत होतं, म्हणून ती निघताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. मी बोलले नाही. हे आपल्यामुळे नाही, ते श्रेय घेऊ नये.

घर विकायला काढलंय. पाटी लागेल, पण ती आपल्याकडून रंगवून घेणार नाही.

मायेबद्दल काही लिहायचं नाही.

छबू

*

दि. ९ मार्च

चि. छबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. हे मला गाळता येत नाही, थोरल्याला तशी सवलत नसते.

तुझं पत्र वाचलं. त्यात एकही चूक नाही. मूलबाळाबद्दल लिहिलंस तेही नाही, ओट्याखालचं लिहिलंस तेही नाही. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू ठकीला स्वतःच जा म्हणाली असतीस, असं मला आता वाटतं, आणि ते मोठेपण मी तुझ्याकडून काढून घेतलं. याच्यावर आणखी लिहिलं तर ते सजवल्यासारखं होईल.

कामाचं तेवढं सांगतो, ते रागातही वाच. हप्ते चालू आहेत तोवरच घर विका. हप्ते थकले की भाव तुम्ही ठरवत नाही. गिऱ्हाईक घाई करेल, दाजींना घाई करू देऊ नको. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद बँकेकडून मोजून घ्या, आणि कर्ज संपल्याचं लेखी घ्या.

आमच्या दुकानावरची खोली मी रिकामी केलीय. रंगाचा वास आहे, तो जाईल. खिडकीतून वीटभट्टीची चिमणी आणि एक शाळा दिसते. तुम्ही याल असं धरून चालत नाही. रिकामी आहे, एवढंच कळवतो.

उत्तर आलं नाही तरी मी लिहीत राहीन.

तुझा
दादा

*

दि. २२ जून

ती. दादांस,
नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. यात जिथे चुकेल तिथे तुम्ही मनात दुरुस्त करून वाचा. छबूला न सांगता लिहितोय.

घर गेलं. भाव बरा आला, तुम्ही लिहिलं होतं तशी घाई केली नाही. बँकेचं सगळं फिटलं, कागद मोजून घेतले. हातात जे उरलं त्यातून दोन वर्षांचं भाडं निघेल. आता सायकलच्या दुकानामागे एका खोलीत आहोत. भिंत बरी आहे, पाणी येतं. माझ्या कामाला पुढची पडवी मिळाली, ती फुकट. तुमच्या खोलीबद्दल मी विचारलं होतं, पण ही तो विषय काढू देत नाही. राग म्हणून नाही म्हणते की लाज म्हणून, ते मला कळत नाही.

एक गोष्ट कोणाला तरी सांगायची होती. घर घेतलं त्या वर्षी मी बाहेरच्या खोलीत कोपऱ्याच्या मापाने एक मोठी बैठक केली होती, दोन भिंतींना धरून, काटकोनात. तुम्ही एकदा बसला आहात तिच्यावर. सांगाडा खोलीतच ठोकला, स्प्रिंगा खोलीतच बसवल्या. आयुष्यभर लोकांचे सोफे दारातून आत-बाहेर केले, पहिलं माप मी नेहमी दाराचं घेतो. त्या वेळी घेतलं नाही. विसरलो नव्हतो, घ्यावंसं वाटलं नाही. ती बाहेर काढायची वेळ येणार नव्हती ना.

घेणारी माणसं चांगली होती, पण त्यांना ती नको होती, खोली रिकामी करून द्या म्हणाले. दारातून निघेना. तिरकी केली, उभी केली, काही होईना. शेवटी करवत घेतली. कापड आधी उसवलं, ते चांगलं होतं. मग मधोमध कापली. मी कापत होतो आणि ही दुसरं टोक धरून उभी होती. तुकडे जिन्यातून खाली नेताना ही मला सारखी सांगत होती, जपून, भिंतीला ओरखडा येईल. भिंत तेव्हा आमची नव्हती. मी तिला ते सांगितलं नाही. जपून नेले. एकही ओरखडा आला नाही.

तुम्ही केलंत ते बरोबर की चूक, याचा निवाडा मला जमत नाही. मागे तुमच्या रंगाबद्दल मी चारचौघांत बोललो होतो, ते तुम्ही धरून ठेवलंय असं छबू म्हणायची. धरून ठेवा, मला चालेल. मला एवढंच कळतं की ठकीने सही केली असती तर मी ती करू दिली असती, आणि वर जेवलो असतो.

ठकीची पत्रं येतात, ती छबू स्वतः उघडते. पोरीने पहिला डोळा एका म्हाताऱ्या मास्तरांचा केला. मास्तरांनी आरशात बघून विचारलं की यातला माझा कोणता. बाईंनी त्या दिवशी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. हे वाचून ही उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

तुमची पत्रं ही उघडत नाही. टेबलावर ठेवते, मग मी आल्यावर उघडतो आणि मोठ्याने वाचतो. ही भाजी निवडत असते. ऐकतेय असं दाखवत नाही, मान वर करत नाही. पण वाचता वाचता मी थांबलो, पान उलटायला म्हणा किंवा अक्षर लागलं नाही म्हणून, की हिचे हात थांबतात. पुन्हा वाचायला लागलो की चालू होतात. मागचं पत्र फार लवकर संपलं. अर्धी भाजी तशीच राहिली.

म्हणून लिहितोय. विषय काहीही चालेल, पाट्यांचा, वहिनींच्या गुडघ्याचा, माझी निंदा केलीत तरी हरकत नाही. पत्र लांब लिहीत जा.

तुमचा
दाजी